टाचण्यांच्या गंजाचे डाग

"हे केसपेपर तारखेप्रमाणे कोणी लावले?" प्रणवने विचारलं.

"मी," असं म्हणून मी कौतुकाची वाट पाहत उभी राहिले.

प्रणव आमच्या ग्रुपमधला सीनियर, पीएचडी करणारा. त्याने डब्यातले कागद वरखाली पाहिले, झाकण लावलं आणि खुर्चीत बसला. "वाट लागली गं," एवढंच म्हणाला.

आमचा ग्रुप विद्यापीठात विज्ञानाचा आणि वैद्यकाचा इतिहास अभ्यासतो. म्हणजे जुन्या डॉक्टरांचे, दवाखान्यांचे कागद शोधायचे आणि त्यांवरून तेव्हा काय चालायचं ते समजून घ्यायचं. दर गुरुवारी एकाने आपलं काम मांडायचं, बाकीच्यांनी शंका विचारायच्या. मी एम.ए. करता करता तिथे प्रोजेक्ट असिस्टंट आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शंका विचारली की आपलं अज्ञान दिसेल असं मला वाटतं. हे प्रकरण बहुतेक त्यातूनच झालं.

जोगेश्वरीतल्या एका डॉक्टरांचा दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्यांची मुलगी वसुधाताई, आता सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी वडिलांच्या केसपेपरांचा एक डबा आम्हाला दिला होता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत हाताच्या पंजाएवढे कागद. दहा-बारा कागदांचा एक गठ्ठा, त्याला टाचणी. बाकीचे डबे त्या नंतर देणार होत्या. अट एकच होती, बाबांचे कागद जसे आहेत तसे राहिले पाहिजेत.

टाचण्या गंजल्या होत्या. गंज कागद खातो, म्हणून ग्रुपच्या प्रमुख असलेल्या आमच्या मॅडमनी मला त्या काढायला सांगितलं. मी काढल्या. मग दिसलं की प्रत्येक गठ्ठ्यात तारखा उलटसुलट आहेत. डॉक्टरांना वेळ मिळाला नसेल, असं मला वाटलं. दोन दिवस बसून मी सगळा डबा तारखेप्रमाणे लावून टाकला. मनापासून केलं होतं.

आमच्या कामात एक नियम असतो. कागद ज्या क्रमाने मिळाले, तो क्रम मोडायचा नाही. त्याला ओरिजिनल ऑर्डर म्हणतात. कोणता कागद कोणासोबत ठेवला होता, हीसुद्धा माहितीच असते. हा शब्द मी गुरुवारी दोन-तीनदा ऐकला होता. अर्थ विचारला नव्हता.

मॅडमना मी स्वतःच सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटली. टाचण्या काढण्याआधी फोटो घेतले होतेस का, एवढं त्यांनी विचारलं. नव्हते घेतले.

"परत लावता येतं का बघ," त्या म्हणाल्या. "आलं काय, नाही आलं काय, वसुधाताईंना तू सांगायचंस."

बाकीचे डबे आता येणार नाहीत आणि मलाही घरी पाठवतील, असं मी धरून चालले.

तिसऱ्या दिवशी एक कागद खिडकीच्या काचेवर धरला होता. कोपऱ्यात दोन भोकं दिसली, त्यांच्याभोवती तपकिरी डाग. दुसरा कागद धरला. भोकं होती, पण अंतर वेगळं, तिरकेपणाही वेगळा. मग डोक्यात आलं की एका गठ्ठ्यातले कागद एकाच वेळी टोचले गेले असणार. म्हणजे त्यांची भोकं जुळायला हवीत. सगळ्यात वरच्या कागदावर टाचणीच्या डोक्याचा गोल ठसा असणार आणि सगळ्यात खालच्याच्या पाठीवर लांब रेघ.

प्रणवला दाखवलं. तो म्हणाला, "अगं, हे आधी सुचलं असतं तर मी रात्री जेवलो असतो." मग तोच ट्रेसिंग पेपर घेऊन आला. तो भोकं उतरवून घ्यायचा, मी जुळवायचे. तीन आठवडे लागले. मधल्या कागदांचा क्रम प्रत्येक वेळी नाही लागला, पण गठ्ठे लागले.

तरी ते गठ्ठे आम्हाला कळेनात. एकात सात आडनावं, तीन चाळींचे पत्ते आणि तीन वर्षांच्या तारखा. तसाच तो गठ्ठा घेऊन मी आणि मॅडम अंधेरीला वसुधाताईंकडे गेलो. चहा यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

त्यांनी चष्मा लावला आणि एकेक नाव वाचलं. दोन नावांवर हसल्या.

"ही सगळी पिंपळाखालच्या नळावरची माणसं," त्या म्हणाल्या. "बाबा आधी विचारायचे, पाणी कुठून भरतोस? मग जीभ बघायचे."

आम्ही पुन्हा कागद पाहिले. जुलाब, उलट्या, कावीळ. चाळी वेगळ्या होत्या, नळ एकच. डॉक्टर आपल्या पद्धतीने नळांवर लक्ष ठेवून होते, आणि ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. फक्त टाचलेलं होतं. मी तारखेप्रमाणे लावलेल्या डब्यात ते कोणालाही दिसलं नसतं.

बाकीचे डबे मिळाले. पण वसुधाताईंनी अट वाढवली. टाचण्या त्यांच्यासमोर काढायच्या. दर मंगळवारी त्या येतात, माझ्या शेजारी बसतात आणि मी टाचणीला हात लावला की म्हणतात, "फोटो घेतलास का गं?" मला आता त्याचा रागही येत नाही. मंगळवार आवडतो.

नऊ कागद शेवटपर्यंत कुठेच जुळले नाहीत. ते वेगळ्या पाकिटात आहेत. काय झालं, कोणी केलं आणि परत कसं लावलं, हे मॅडमनी या कागदांच्या कॅटलॉगमध्ये मलाच लिहायला लावलं, खाली माझ्या नावासकट. पुढे कोणी हे कागद वाचेल, त्याला आपला घोळ माहीत असायला हवा, असं त्या म्हणाल्या. माझं नाव पहिल्यांदा छापून आलं ते असं.

पप्पांना ते पान दाखवलं. मजकूर इंग्रजीत होता, त्यांनी अर्थ विचारला. मी चूक केली आणि मग निस्तरली, असं लिहिलंय, मी सांगितलं. त्यांनी नावावर बोट ठेवून स्पेलिंग तपासलं आणि म्हणाले, "मग ठीक आहे."

नवीन आलेल्यांना मी दोनच गोष्टी सांगते. आधी फोटो घ्या. आणि शब्द कळला नाही तर त्याच गुरुवारी विचारा. तीन आठवडे वाचतात.