निजली का?

आमचं करवतीचं मशीन सुरू झालं की तिकडे दोन कोसांवरच्या स्वामीमलैच्या भट्टीतल्या पंचधातूच्या मूर्ती डोळे किलकिले करायच्या, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. अप्पा म्हणायचे, "थोडं कमी कर रे, गावाच्या वेशीपर्यंत ठीक आहे."

कुंभकोणमच्या आमच्या दुकानात नवरात्रात बाहुल्या मांडायच्या पायऱ्या, देव्हारे, दारं असं सगळं बनायचं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी; बाहेर सगळं बोलणं तमिळमध्ये. पण करवतीचं गोल पातं बदलायचं असलं की आम्ही बापलेक घरच्या मराठीत शिरायचो. अप्पा भिंतीवरच्या बोर्डातून मशीनचा फ्यूज उपटून धोतरासारख्या वेष्टीच्या कनवटीला खोचायचे. मी विचारायचो, "निजली का?" ते म्हणायचे, "निजली." मगच मी बटण दाबून बघायचो. मशीन गप्प राहिलं की दात्यांत लाकडाची पाचर अडकवायची, पाना दात्यांच्या दिशेनं ओढायचा, नट सोडवायचा. "निजली" ऐकल्याशिवाय पात्याला बोट लावायचं नाही, हा अप्पांचा कायदा. पुण्याचा एक पाहुणा हे ऐकून हसला होता. "मशीन आहे की लेकरू?" अप्पा त्याला म्हणाले, "लेकरू चावत नाही."

अप्पांची दहाही बोटं शाबूत होती. या धंद्यात त्याला संपत्ती म्हणतात. अकरावं बोट त्यांना देवानं बक्षीस द्यायला हवं होतं, असं मी गावभर सांगत फिरलो.

मग ते विसरू लागले. चहा पिऊन चहा मागायचे. मला माझ्या काकाच्या नावानं हाक मारायचे. मी ओ द्यायचो.

एका सकाळी फणसाचं लाकूड कापून पातं बोथट झालं. अप्पांनी फ्यूज उपटला, कनवटीला खोचला.

"निजली का?"

"निजली."

मी बटण दाबलं आणि मशीन गरजलं.

इथे मला काही वाढवून सांगता येत नाही. मी बटण बंद केलं, पातं फिरत फिरत थांबलं. अप्पांनी कनवटीचा फ्यूज काढला, पंच्यानं पुसला, उलटापालटा केला. तो शेजारच्या ड्रिलचा होता.

"हा कोणाचा?" त्यांनी मला विचारलं.

त्यांना दुकानात येऊ नका म्हणायला माझी जीभ उचलेना. बोर्डावर खुणा रंगवाव्यात तर त्या बघून त्यांना काय वाटेल, याचीच धास्ती. म्हणून मी लबाडी केली. टेबलाखाली मशीनची वीज तोडणारा, कुलपाचा एक स्विच बसवून घेतला. पातं बदलायच्या आधी गुपचूप तो बंद करायचो, कुलूप लावून किल्ली कनवटीला, बटण दाबून खात्री, आणि मगच मोठ्यानं, "निजली का?" अप्पा कुठला का होईना फ्यूज उपटून "निजली" म्हणायचे. वर मी म्हणायचो, "तुमचा आवाज ऐकला की तिची वळवळ थांबते, अप्पा." ते खुलायचे. त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे.

हे काही आठवडे चाललं. मग एकदा "निजली" म्हणून ते नेहमीसारखे स्टुलावर बसले नाहीत. वाकले, टेबलाखाली हात घातला, कुलूप चाचपलं.

"किल्ली कुठे?"

"कसली किल्ली, अप्पा?"

"गोष्टी गिऱ्हाइकांना सांग. मला दे."

मी दिली. त्यांनी ती तळहातावर धरून पाहिली, मग माझ्या हातात ठेवून माझी बोटं मिटली.

"निजलेलीला परत कसाला निजवतोस रे?"

मी किल्ली कनवटीला खोचली.

"मला विचारू नको आता," ते म्हणाले. कनवटीचा फ्यूज बोर्डात बसवला, या वेळी अगदी बरोबर जागी, पंचा खांद्यावर टाकला आणि गेले. पुन्हा दुकानात आले नाहीत. कधी कुणाबरोबर गोविंदपुरमला भजनाला जातात, नाहीतर ओसरीवर बसतात.

मी आता एकटाच पातं बदलतो. कुलूप, बटण, पाचर, पाना. विचारत कुणालाच नाही.

संध्याकाळी घरी आलो की अप्पा विचारतात, "पातं बदललंस?"

"नाही, अप्पा. धार आहे अजून."

अप्पा यायचे थांबले त्या गेल्या पोंगलपासून आमच्या दुकानात एकच पातं चाललंय. सागवान कापतं, फणस कापतं, बोथट होत नाही. असं पातं अख्ख्या तंजावूर जिल्ह्यात सापडायचं नाही. अप्पा मान डोलावतात, माझ्या खांद्यावरचा भुसा झटकतात आणि आत जातात.