दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

बोट तोंडात घालून ओलं करायचं, गॅलरीच्या गजांबाहेर हात काढून ते उभं धरायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका दिवसाची सुरुवात अशी करायचे. मग जो कुणी पहिला दिसेल त्याला विचारायचे, "वारा कुठला हाय?"

बोईसरला आम्ही नवीन आलो तेव्हा मला वाटलं, चिंचणीचा माणूस, मासेमारीची जुनी सवय असेल. मी गमतीनं विचारलं, "काय काका, बोटी निघाल्या का?" ते हसले नाहीत.

"बोटी नाय, बाय. एमआयडीसी पश्चिमेला हाय. दुपारी समुद्राचा वारा सुटला का खिडकी लावायची."

जळगावच्या उन्हातून आलेली मी. समुद्राचा वारा म्हणजे मला देवाची देणगी वाटायची. या माणसाला नेमकी त्याचीच धास्ती होती.

तुमच्याही इमारतीत असा एखादा माणूस असेल. त्याची थट्टा करायला सगळ्यांना आवडतं आणि आत कुठेतरी त्याचं खरं असेल असंही वाटत राहतं. काकांच्या घराचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला. मोरीत कायम एक भरलेली बादली आणि तिच्या काठावर दोन जुने पंचे. दिवाळीत फटाके सुरू झाले की काका बाथरूममध्ये स्टूल टाकून बसायचे आणि काकी त्यांना चकली तिथेच नेऊन द्यायच्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याचा विषय चालू असताना हे मध्येच उठून म्हणायचे, "पण गॅस आला तर लोकांनी जायचं कुठं?" सगळे हसायचे. चेअरमन म्हणायचे, "काका, आधी पाणी तर येऊ द्या."

काका एका कारखान्यात बॉयलरवर होते. मी ओळखायला लागले तेव्हा निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. भीती मात्र निवृत्त झाली नव्हती.

आता त्यांच्याकडच्या एका वस्तूबद्दल सांगायला हवं, कारण ती त्या घरात अजिबात शोभत नव्हती. गणपतीच्या फोटोखाली, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला एक रेकॉर्ड प्लेअर होता. त्यांचा मोठा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्यानं आणलेला. बरोबर एकच रेकॉर्ड होती, एका विलायती गिटारवाल्याची. आधी तो कुठल्याशा बँडमध्ये होता, बँड फुटल्यावर त्यानं एकट्यानं काढलेली. कव्हरवर केस खांद्यापर्यंत वाढवलेला एक माणूस दगडी पायरीवर अनवाणी बसलेला, मांडीवर गिटार. त्याचं नाव काकींना कधी उच्चारता आलं नाही. त्या त्याला 'केसवाला' म्हणायच्या.

सुट्टीच्या दुपारी काकी मला हाक मारायच्या. हाक म्हणजे टाळी वाजवायच्या, कारण त्यांचा आवाज फुटका होता, जेमतेम कुजबुजीएवढा. मी गेले की नवऱ्याला म्हणायच्या, "अवो, लावा त्या केसवाल्याला."

काका आधी गॅलरीत जाऊन बोट धरायचे. परत येऊन आवाज अगदी बारीक ठेवून रेकॉर्ड लावायचे. मला त्या संगीतातलं काही कळत नव्हतं. पण गिटार मोकळ्या माळावर चालल्यासारखी वाजायची आणि काका तेवढ्यापुरते निवांत दिसायचे. पायाचा अंगठा ताल धरायचा. मग रेकॉर्ड उलटायची. दुसऱ्या बाजूला, शेवटाच्या जरा आधी, एक सूर खालून वर चढायला लागायचा. तो चढायला लागला की काका झटक्यानं उठून सुई उचलायचे.

"संपली," म्हणायचे.

संपलेली नसायची. काळी चकती पुढे बरीच शिल्लक दिसायची.

एकदा मी काकींबरोबर स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होते. म्हणजे त्या करत होत्या, मी बघत होते. मी विचारलं, "काका पूर्ण का ऐकू देत नाहीत?"

काकींनी हात धुतले. दाराकडे एकदा बघितलं. "लग्नाला वरीस झालेलं. एमआयडीसीच्या कडेला चाळीत राहायचो आमी. दुपारची मी आत झोपलेली. यांच्या भावानं तवाच आणलेला केसवाला यांनी पयल्यांदाच लावलेला, मोठ्यानं. तरणा माणूस, मोठ्यानंच लावणार. तेवढ्यात बाजूच्या कंपनीचा धोक्याचा भोंगा झाला. यांना वाटलं, गिटारच हाय. तो सूर तसाच चढतो ना, भोंग्यासारखा. हे डोळे मिटून ऐकत बसले. गॅसचा वास आला तवा उठले. मला उचलून बाहेर काढलं, पण माझ्या गळ्यात जायचं ते गेलेलं."

काकींनी बोंबील पुन्हा हातात घेतला.

"मी भजनाला गायची आधी. चांगली गायची. मग यांनी ती रेकॉर्ड फोडायला काढलेली. मीच नाय फोडू दिली. तो बिचारा त्याच्या गावाला बसून वाजवतोय, त्याचा काय दोष? आणि यांचा तरी काय दोष?"

त्या दिवशी घरी आले ती काहीतरी बरोबर घेऊनच आले. भीती सर्दीसारखी लागते. माझा नवरा नितीन एमआयडीसीतल्या कपड्याच्या कारखान्यात सुपरवायझर होता. तो ड्युटीवर गेला की मी गॅलरीत उभी राहायला लागले. कुणी बघत नाही असं पाहून बोट ओलं करून धरायलाही लागले. रस्त्यावर ॲम्ब्युलन्स वाजली की मी हातातलं टाकून नितीनला फोन लावायची. रात्री नितीन पाच मिनिटं उशिरा आला तर मी भांडायची. तो म्हणायचा, "त्या काकांकडे जाणं बंद कर तू."

मी जातच राहिले. खरं तर घाबरण्याला तिथं एक सोबत होती.

आणि मग एका दुपारी ते झालं.

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. पायाखालची लादी हलली. डहाणूकडचे भूकंपाचे धक्के आम्हाला अंगवळणी पडले होते, म्हणून क्षणभर वाटलं तेच असेल. मग आवाज आला आणि खिडकीची काच आत येऊन पडली. पश्चिमेला, इमारतींच्या मागून, पिवळट करडा धूर जाड खांबासारखा वर उठत होता. नितीन तिकडेच होता.

मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात भोंगा सुरू झाला. खालून वर, खालून वर. जिन्यात धावणाऱ्या पावलांचा गोंधळ. कुणीतरी ओरडत होतं, "भागो, भागो, गैस आ रहा है!"

मी समोरच्या घरात धावले. मला वाटलं होतं, काका तयार असतील. ते सांगतील आणि आम्ही करू. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलं होतं?

काका रेकॉर्ड प्लेअरसमोर उभे होते. त्यावर रेकॉर्ड नव्हती. ते सुईचा दांडा उचलत होते, ठेवत होते, पुन्हा उचलत होते. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"बंद होत नाय," ते मला म्हणाले. "बाय, हा बंद होत नाय."

मी इतकी कधीच घाबरले नव्हते. धुराला नाही, काचेला नाही, त्या माणसाच्या डोळ्यांना घाबरले. त्यात आम्ही कुणी नव्हतो.

काकी मोरीतून पंचे ओले करून आल्या. एक माझ्याकडे फेकला. नवऱ्याला हाका मारत होत्या, पण भोंग्यापुढे तो फुटका आवाज काय टिकणार? त्यांनी काकांचं मनगट पकडलं, ओढत गॅलरीत नेलं. त्यांचं बोट स्वतःच्या तोंडात घालून ओलं केलं आणि हात गजांबाहेर काढून धरला. मग त्यांच्या कानाला तोंड लावलं. मी अगदी जवळ होते, म्हणून ऐकू आलं.

"वारा कुठला हाय? सांगा मला. वारा कुठला हाय?"

काकांचे डोळे मिटले. ओठ हलले.

"समुद्राचा."

"मग जायचं कुठं?"

धुराचा खांब वरून वाकायला लागला होता, आमच्याच बाजूला.

"आडवं," काका म्हणाले. "वाऱ्यासंगं नाय पळायचं. आडवं जायचं."

खाली सगळी गर्दी स्टेशनकडे, म्हणजे वाऱ्याच्याच दिशेनं पळत होती. आम्ही उत्तरेला, वाणगावच्या रस्त्याला वळलो. काकी पुढे, त्यांच्या हातात काकांचा हात, मागे मी. मी ओरडून लोकांना सांगत होते. काही वळले, काही नाही वळले. पंच्यातून श्वास घेताना ओल्या कापडाचा वास येत होता आणि त्याच्या मागे दुसरा, सडलेल्या अंड्यांसारखा. मी सारखी नितीनचा नंबर लावत होते.

एका शेताच्या बांधावर आम्ही बसलो. आणखीही बरीच माणसं होती. सगळ्यांच्या हातात फोन, सगळे एकाच दिशेला बघत होते. मी मनात नितीनच्या कपाटातले शर्ट आठवत होते. आज कुठला घालून गेला ते मला आठवेना, आणि ओळख पटवायला कुणी विचारलं तर काय सांगू, याच एका गोष्टीनं मला रडू फुटलं.

काका गुडघ्यात मान घालून बसले होते. "माझ्यानं हाललंच नाय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. काकी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

ऊन उतरल्यावर फोन लागला. तिकडून आधी खोकला आला, मग नितीनचा आवाज. स्फोट त्याच्या कारखान्यात नव्हता, दोन गल्ल्या पलीकडे होता. तो आम्हाला शोधत आला तेव्हा केसांत राख होती आणि एका पायात बूट नव्हता. रोज त्याच्याबरोबर रिक्षातून जाणारा त्याचा मित्र मात्र परत आला नाही. त्या घरी आम्ही जाऊन आलो. त्याबद्दल मला इथे लिहिता येणार नाही.

त्यानंतर काका गॅलरीत दिसेनासे झाले. दार बंद राहायला लागलं. इमारतीतले लोक आता आपण होऊन येऊन विचारायचे, गॅस आला तर कुठल्या बाजूला जायचं. काकी दारातूनच कुजबुजत सांगायच्या. आता कुणी हसत नव्हतं. काका आत भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे. मला वाटलं, हा माणूस आता यातून उठत नाही.

मग एकदा दुपारी टाळी ऐकू आली. काका स्वतः आमच्या दारात उभे होते.

"दोघं या," म्हणाले. "आज पुरी ऐकायची हाय. मला एकट्याला नाय जमणार."

नितीन चप्पल घालून निघाला. आम्ही चौघं चटईवर बसलो. काकांनी आवाज नेहमीपेक्षा मोठा ठेवला. पहिली बाजू झाली. दुसरी लागली. तो सूर खालून चढायला लागला तसे काका उठले. काकींनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. काका उभेच राहिले. हात सुईवर गेला, तिथंच थांबला. सूर वर, आणखी वर. माझीही नखं तळहातात रुतली होती. मला धूर दिसत होता.

मग सूर तुटला. एक क्षण नुसती खरखर. आणि त्यानंतर एक लहानसं गाणं सुरू झालं. शब्द नाहीत, बाकी वाद्यं नाहीत, एकटी साधी गिटार. तारेवरून बोट सरकल्याची चर्र ऐकू यायची. बसल्या जागी कुणी खुर्ची हलवल्यासारखंही मध्ये वाजलं. घरी कुणी नसताना माणूस स्वतःशी गुणगुणतो, तसं होतं ते.

काका हळूच खाली बसले.

"हे पुढं होतं?" त्यांनी काकींना विचारलं. "एवढी वर्सं हे इथंच होतं?"

काकींचे ओठ मिटलेले होते, पण घशातून काहीतरी येत होतं. आवाज म्हणवत नव्हता त्याला. गिटारच्या मागोमाग, अर्ध्या पावलानं मागे, ती खरखर वर जात होती, खाली येत होती. काका त्यांच्याकडे बघत राहिले. नितीन उठून गॅलरीत गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

पावसाळा संपल्यावर दोघं चिंचणीला, काकींच्या माहेरच्या घरी राहायला गेले. आम्ही एकदा भेटायला गेलो. काकी ओट्यावर पापलेटं साफ करत बसल्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवून आम्हाला आत बघायची खूण केली.

काका खाटेवर आडवे झाले होते. भर दुपार होती, शेजारच्या घरी कुणीतरी मिक्सर लावला होता, रस्त्यावरून टेम्पो भोंगा वाजवत गेला. ते हलले नाहीत. तोंड किंचित उघडं, एक हात खाटेबाहेर लोंबत होता, तळवा उघडा.

"उठवू?" मी विचारलं.

"नको, बाय," काकी म्हणाल्या. "झोपू दे. आत्ता कुठं लागलीय."

आम्ही चहा घेऊन त्यांना न उठवताच निघालो. ते गेल्याचा फोन थंडीत आला, पण माझ्यासाठी ते अजून त्या खाटेवरच आहेत.