स्फोटाची जागा

सांगलीच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. तीन वर्षांपूर्वी एका दैनिकाच्या संपादकांनी रविवारच्या पुरवणीसाठी विश्वाच्या जन्मावर लेखमाला मागितली आणि मी हरखून गेले. वर्गातली पोरं माझ्यासमोर जांभया देतात. इथं अख्खा जिल्हा वाचणार होता! संपादकांची अट एकच होती, पहिल्या चार ओळींत वाचक पकडा.

मी पकडला. ‘सुरुवातीला एक महाभयंकर स्फोट झाला,’ असं लिहिलं. पुढं डोळे दिपवणारा उजेड, कानठळ्या, चहूकडं भिरकावलेले जळते तुकडे. तसं काही झालं नव्हतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. रिकाम्या अवकाशात एखाद्या ठिकाणी काही फुटलं नाही. अवकाशच सगळीकडं एकदम पसरू लागलं. दरवर्षी पेपर तपासताना मी हीच चूक लाल शाईनं खोडते. पण खरं रटाळ वाटलं आणि खोटं झकास, म्हणून मीठमसाला लावून पाठवून दिलं.

पाटणजवळच्या आमच्या गावात निम्मी घरं फौजेतली. रिटायर झालेले सगळे सकाळी देवळाच्या पारावर जमतात आणि एक जण मोठ्यानं पेपर वाचतो. हा मान माझ्या वडिलांचा, कारण त्यांचा आवाज अजून परेडच्या मैदानावरचा आहे. लेख छापून आला त्या रविवारी मी मुद्दाम गावी गेले होते. कौतुक ऐकायला, दुसरं काय!

वडील उभे राहून वाचू लागले. तिसऱ्या वाक्यात अडखळले, पण ‘जळते तुकडे’ तोंडातून निघून गेले होते. त्यांनी पेपरची घडी घातली. समोर तात्या बसले होते, वडिलांबरोबर भरती झालेले त्यांचे दोस्त. तात्यांचा मुलगाही फौजेत होता. तो सुरुंगाच्या स्फोटात गेला. पेटी बंद आली होती आणि उघडू नका म्हणून निरोप होता. नेमकं कुठं घडलं, ते तात्यांना कधीच नीट कळलं नाही. ते उठले, टोपी सारखी केली आणि घराकडं चालू लागले.

घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, “मी आदी मनात वाचाय पायजे हुतं. लेकीचं हाय म्हनून वाचलं न्हाई.” त्यांनी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी तात्यांच्या घरी गेले. ते गोठ्यासमोर बसून कोयत्यानं म्हशीसाठी उसाच्या शेंड्यांचं वाडं तोडत होते. माफीचा शब्द काही केल्या फुटेना, म्हणून मी विश्वाबद्दलच बोलत सुटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“त्यो तुजा स्फोट झाला कुठं म्हनायचा? जागा कुठली?” त्यांनी विचारलं.

“तशी जागाच न्हाई, तात्या. त्यो स्फोट नव्हताच.”

“नव्हता?”

“न्हाई.”

“तुला ठावं हुतं?”

“व्हय.”

“मग लिवलंस कशाला?”

माझी मान खाली गेली. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. उत्तर होतं, आणि ते देणं भागच होतं.

“वाचनाऱ्याला भारी वाटावं म्हनून.”

तात्यांनी कोयता खाली ठेवला. “मला न्हाई वाटलं, पोरी.”

पुढच्या लेखाची सुरुवात मी माझ्या चुकीनं केली. कुणाची तक्रार नसताना स्वतःचं नाव का खराब करता, असं संपादक म्हणाले. मी हट्टानं तसंच छापायला लावलं. त्या लेखात एकही भारदस्त शब्द नव्हता आणि तो लिहायला मला आठ दिवस लागले. आता प्रत्येक लेख पाठवण्याआधी मी फोनवर वडिलांना वाचून दाखवते. ते थांबवतात तिथं थांबते. लोक म्हणतात, तुम्ही किती साधं लिहिता. कुठं शिकलात?

वडील अजूनही दर रविवारी माझा लेख पारावर वाचतात. तात्या रविवार सोडून रोज येतात.