दारावरची पाळ

"दार लाव ना," हे यांचे शेवटचे शब्द. फार उकडत होतं, म्हणून मी दार उघडं टाकून बसले होते. कुरकुरतच उठले, लावलं. वळून पाहिलं तर… त्याला आता महिना होऊन गेला.

वरठीला यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं-बारशी पोटासाठी, जीव मात्र लांबलचक चित्रांत. जुन्या काळी स्टँडवर स्वतःभोवती फिरणारा कॅमेरा असे, एका दमात अख्खी पलटण टिपत असे, हे ते गिऱ्हाइकाला धरून बसवून सांगत. आपल्याकडे तसला कॅमेरा कुठून येणार? मग हे एका जागी उभे राहून थोडंथोडं वळत फोटो काढायचे आणि कडेला कड जुळवून चिकटवायचे. आता हे काम फोन चुटकीसरशी करतो, पण यांना ते मुळीच पटलं नाही. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या माहेरचा, कोंढ्याचा तलाव आटला. हे बरोबर मधोमध जाऊन उभे राहिले आणि पूर्ण गोल घेऊ लागले. जेवायची वेळ टळली तरी फेरी संपेना. शेवटी मी वैतागून डबा घेऊन पाळीवर, तलावाच्या बांधावर गेले, हात उंच करून हाक मारली. त्यामुळे पहिल्या फोटोत पाळ रिकामी आहे, आणि फिरून तिथंच आलेल्या शेवटच्या फोटोत मी आहे.

लकव्यानं अंग गेलं तेव्हा यांनी तोच तलाव मोठा करवून खोलीभर लावून घेतला. खिडकीसुद्धा सोडली नाही. शेवटचा तुकडा दाराच्या आतल्या बाजूला. दार लागलं की गोल पुरा. लोक यायचे, वाहवा करायचे, घरी जायचे. मी कुठं जाणार? चहूकडे एवढं आभाळ, आणि मला श्वास घ्यायला जागा नाही. एकदा भडकलेच.

"कायले दार लावाचं सारखं? जीव गुदमरते माहा!"

"उघडलं का तू दिसत नाहीस."

"मी इथं बाजूलेच बसली हाव ना!"

"इथं तू माह्यासंग अडकली हायेस, कमल. तिथं बाहेर उभी हायेस… मले बलावून राहिली."

मी उठून दार लावलं.

लेक म्हणते, "आई, काढून टाक ते सगळं." खिडकीवरचं काढलं. दाराला मात्र हात लावत नाही. काल दुपारी दार लावून यांच्या खाटेवर बसले. पाळीवरची ती नवी नवरी हात उंच करून बोलावत होती. तलावाच्या मधोमध आता मीच. तिच्याकडे जायला उठले, दार उघडलं… आणि ती दिसेनाशी झाली.