स्मारकाबाहेरचे बूट

माझा स्वभाव यादी करण्याचा. बाबा पुण्याहून महिनाभरासाठी आमच्याकडे लंडनला, एजवेअरला आले आणि शेजारच्या मावशींबरोबर स्मारकाला मीही येणार म्हणून हटून बसले, तेव्हा मी फ्रिजवर यादीच चिकटवली. मोठ्याने बोलायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. दगडांवर बसायचं नाही. खायचं नाही, चिवडासुद्धा नाही. बाबांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "मला एवढं कळत नाही का?"

मावशी मुंबईच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, माझ्याशी अजून अलिबागकडच्या मराठीत बोलणाऱ्या. तरुणपणी इथे आल्या आणि युरोपातून आलेल्या एका ज्यू माणसाशी त्यांनी लग्न केलं. त्या काकांना लहानपणी एकट्यांनाच इंग्लंडला पाठवलं होतं. मागे राहिलेली थोरली बहीण नाझींच्या छावणीत गेली ती परत आली नाही. तिची कुठे कबर नाही, म्हणून काका दरवर्षी लंडनमधल्या एका बागेत नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मारकापाशी जात, ज्यू रिवाजाप्रमाणे एक खडा ठेवत आणि तिचं नाव घेत. गेल्या वर्षी काका वारले. आता ते नाव घेणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. ब्याऐंशीव्या वर्षी मावशी पहिल्यांदाच त्यांच्याशिवाय निघाल्या होत्या. "सगळं नीट व्हायला हवं गं," त्या म्हणाल्या. मी शब्द दिला.

स्मारक म्हणजे बर्चच्या झाडांखाली अंथरलेली खडी आणि तिच्यात काही मोठाले दगड. मावशींना हात धरून दगडापर्यंत नेलं, त्यांना एकटं सोडलं आणि मागे वळले. बाबा खडीच्या कडेला वाकून बूट काढत होते. फेब्रुवारी महिना, तापमान तीन अंश.

"बाबा, इथे शूज काढत नाहीत. इट्स नॉट अ टेंपल."

"इतकी माणसं गेली, त्यांच्यापुढे बूट घालून उभा राहू?" बाबा कुजबुजले. मोठ्याने बोलायचं नाही हे त्यांच्या लक्षात होतं. बुटांबद्दल मी यादीत काहीच लिहिलं नव्हतं.

चूक माझी, हे कबूल. पण पुढचा घोळ अस्सल इंग्लिश होता. एक जोडपं आलं, त्यांनी बाबांच्या बुटांकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि निमूटपणे आपले बूट काढून शेजारी ठेवले. रांग दिसली की या देशात कारण विचारायची पद्धत नाही. मागून सहलीचा एक गट आला आणि रांग पार बाकापर्यंत गेली. एका बाईंनी कुत्र्याच्या पायांतले चार रबरी बूट काढून नीट ओळीत लावले. एक म्हातारे गृहस्थ सॉरी सॉरी म्हणत माझ्याजवळ आले आणि मोजे पायात ठेवले तर चालतील का, असं त्यांनी विचारलं. मी चालतील म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. मग पिवळं जाकीट घातलेला बागेचा माणूस आला. वाटलं, सुटले. त्याने वॉकीटॉकीवर कुणाला तरी विचारलं, तिकडेही काही माहीत नव्हतं, तेव्हा तोही रांगेच्या टोकाला वाकून लेस सोडू लागला.

वीसेक माणसं ओल्या खडीवर, पाय टोचत असतानाही चेहरे गंभीर ठेवून उभी होती. मला हसू आवरेना, आणि बाबांना त्याच संध्याकाळच्या विमानात बसवावं इतका त्यांचा राग आला होता.

तेवढ्यात मावशी वळल्या. खडा ठेवून झाला होता, नावही घेऊन झालं होतं. समोर ती रांग दिसली आणि त्या जागच्या जागी थांबल्या. आम्ही तिथे काय मांडून ठेवलंय, ते मला तेव्हा कुठे कळलं. माझं हसू पळालं.

"मावशी, सॉरी. बाबांना कळलं नाही, मी आत्ता सगळ्यांना..."

"ह्यांनी मला एकदा पोलंडला नेलं होतं," त्या म्हणाल्या. "तिथे छावणीत काचेमागे, मारलेल्या माणसांच्या बुटांचा डोंगर आहे. हे दोन तास उभे. बहिणीचे शोधत होते. म्हणाले, यातला एक तरी जोड परत कुणाच्या पायात गेलेला मला बघायचाय." मग माझा दंड घट्ट धरून म्हणाल्या, "सगळ्यांना सांग, बूट घाला. इथेच, माझ्यासमोर."

मी इंग्रजीत सांगितलं. कुणी का म्हणून विचारलं नाही. बाबांची बोटं थंडीने आखडली होती, म्हणून मी खाली बसून त्यांच्या लेस बांधल्या. मघाचा राग कुठे गेला कळलं नाही. मावशी एकेक जोड पायात जाताना पाहत होत्या, अगदी कुत्र्याच्या चारही बुटांपर्यंत. माणसं हळूहळू आपापल्या वाटेने चालू लागली.

"एकही उरला नाही ना?" त्यांनी विचारलं.

मी बाकापर्यंत जाऊन पाहून आले. "नाही मावशी. सगळे घालून गेले."

काका गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.