यादीतला गुलाब

माझा मामा वायरमन. दुसऱ्यांच्या घरांत उजेड करता करता त्याचं आयुष्य गेलं आणि स्वतः मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला. त्या खोल्यांमागे परस होतं, चार खाटा मावतील एवढंच. त्या परसात त्याने जे उभं केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून सांगतो, आणि सांगताना अजून अंगाचा तिळपापड होतो.

घरमालक कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. किल्ली देताना त्याने मामाच्या हातात एक यादी ठेवली. खिडक्या तीन. नळ एक. कुंपणाची तार, चार पदर. आणि सगळ्यात शेवटी, गुलाब एक.

तो गुलाब म्हणजे वीतभर काळा खुंट. मामाने नखाने साल खरवडून पाहिली. आत हिरवा ठिपकासुद्धा नव्हता.

"हा मेलाय की हो."

"यादीत आहे ना? मग सांभाळायचा."

मामाने सांभाळला. नऊ वर्षं रोज सकाळी त्या खुंटाला तांब्याभर पाणी. मामी म्हणायची, "माझी एवढी विचारपूस केली असती तर मलासुद्धा पालवी फुटली असती."

बाकीचं परस विटांच्या तुकड्यांनी आणि चुन्याने भरलेलं. कामावरून आला की मामा चाळणी घेऊन बसायचा आणि त्या राड्यातून माती सोडवायचा, मूठ मूठ. भाजीची देठं, पालापाचोळा, सुताराकडचा भुसा, सगळं कुजवून तिला खाऊ घालायचा. तिसऱ्या वर्षी वांगी धरली, दोडका तारेवर चढला. आणि कोपऱ्यात लिंबू उगवलं, मामीने फेकलेल्या बीचं. वाऱ्याने वाकायचं म्हणून मामाने ते काठीला बांधलं, वायरीच्या लाल-काळ्या सालपटांनी. खोडाला काच पडू नये म्हणून महिन्या-महिन्याला गाठ सोडायचा आणि पुन्हा सैल बांधायचा. झाड मोठं झालं, फुललं. मग सकाळी खिडकी उघडली की आधी वास आत यायचा, उजेड मागून.

घरमालक दर वर्षी यादी घेऊन तपासणीला यायचा. खुंटापुढे ऐटीत बरोबरची खूण करायचा आणि झाड फळायला लागल्यापासून जाताना पिशवी भरून लिंबं न्यायचा. एकदा तर पिशवी विसरला म्हणून मामीचीच घेऊन गेला.

दहावं वर्ष लागलं आणि त्याने खोल्या सोडायला सांगितल्या. मामाने विचारलं, माझं काय चुकलं? तर म्हणे, "चुकलं काहीच नाही. पण एकच माणूस फार वर्षं राहिला की त्याला घर आपलं वाटायला लागतं." नऊ वर्षं ज्याच्याविरुद्ध एक तक्रार नाही, त्याला हे उत्तर!

सोडायच्या दिवशी मी सामान बांधायला गेलो होतो. घरमालक आला. एका हातात यादी, काखेत कागदात गुंडाळलेली करवत. खिडक्या मोजल्या, नळ फिरवून पाहिला, गुलाबाच्या खुंटाला हात लावला. मग करवत मामापुढे धरली.

"हे लिंबू यादीत नाही. लावलंत तुम्ही, तोडा तुम्हीच."

मामाने हातातली दोरी खाली ठेवली. "अहो, फळतं झाड आहे. कुणाचं काय घेतंय?"

"यादीप्रमाणे दिलं, यादीप्रमाणे घेणार. उद्या नवा भाडेकरू म्हणेल माझं, तुम्ही म्हणाल माझं. भानगड नको."

"आणि पिशव्या भरून नेलीत ती लिंबं कुठल्या यादीत होती?" मामी दारातून कडाडली.

घरमालक यादीखाली बोट ठेवून म्हणाला, "सही करा. मग तोडा."

मामा पायरीवर बसला. पेन घेतलं, टोपण काढलं, आणि यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

"यादीत असलेलं पुढच्याने सांभाळायचं, हा तुमचाच नियम ना?"

"अर्थात."

"मग आधी लिंबू लिहा. मग सही."

"असं करता येत नाही."

"मग सहीसुद्धा करता येत नाही."

नवा भाडेकरू फाटकाशी सामानाच्या गाडीत ताटकळत बसलेला. त्याने दोनदा हॉर्न वाजवला. जन्मभर एक कागद बिनसहीचा न सोडलेला तो कारकून यादीकडे बघत राहिला. शेवटी त्याने मामाकडून पेन ओढून घेतलं आणि गुलाबाच्या ओळीखाली लिहिलं, लिंबू एक.

"जिवंत, हेही लिहा," मामा म्हणाला.

"गुलाबापुढे कुठे लिहिलं होतं?"

"म्हणूनच सांगतोय."

त्याने तेही लिहिलं. मामाने सही केली, किल्ली दिली. मग तांब्या भरून परसात गेला, सगळं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं आणि तांब्या झटकून कोरडा केला.

"अहो, गुलाब राहिला की!" मामी म्हणाली.

"तो मालकांचा आहे," मामा म्हणाला. "त्यांना घालू दे."