ज्याचा संबंध, तो बाकावर

किस्से काही जमवावे लागत नाहीत हो. एखाद्या संस्थेचं सचिवपद घ्या, ते आपोआप घरी चालत येतात! आमचं वडनेर भोलजीचं वाचनालय तसं लहानच. अध्यक्ष इंगळे गुरुजी, रिटायर हेडमास्तर. त्यांचा एकच नियम: ज्याच्या सोयऱ्याधायऱ्याचा विषय निघेल, त्यानं उठायचं अन् बाहेर निंबाखालच्या बाकावर बसायचं. निर्णय झाला की आत.

गुरुजींचं घर समोरच. बाकावर कोणी दिसलं की त्यांच्या पत्नी सुशीलाताई चहा घेऊन हजर. "बाहेर बसनं म्हंजे काही शिक्षा नाही, भाऊ," म्हणायच्या.

*

एकदा खुर्च्या घ्यायच्या होत्या. उपाध्यक्ष रामभाऊंच्या साडूचं मोताळ्याला फर्निचरचं दुकान. रामभाऊ नियमानं बाहेर गेले, बाकावर बसले अन् खिडकीतून ओरडले, "सागवानी घ्या बे! प्लास्टिक टिकत नाही!"

गुरुजी उठले अन् त्यांनी खिडकी लावून घेतली. भर मे महिना, त्यात लाइट गेलेली. आम्ही आत घामानं निथळून राह्यलो, अन् रामभाऊ सावलीत चहा पिऊन राह्यले! खुर्च्या प्लास्टिकच्याच आल्या.

*

रंगकामाला गावातला पेंटर घ्यावा, तर तो कोणाचा ना कोणाचा सोयरा निघे. शेवटी संग्रामपूरहून माणूस आणला. भिंती झकास रंगवल्या त्यानं. अन् जाता जाता रामभाऊंच्या पुतणीला मागणी घातली!

"म्हंजे पुढच्या रंगालेबी मीच बाहेर?" रामभाऊ रडकुंडीला आले.

*

खजिनदार दिनकर तर महाबिलंदर. विषय होता पंख्याचा. हा उठला.

"पंख्याशी तुमचा काय संबंध?" गुरुजींनी विचारलं.

"त्याच्याच खाली बसतो ना मी, गुरुजी!"

गेलासुद्धा. त्या दिवशी ताईंकडे पोहे होते, हे त्याला आधीच माहीत होतं.

*

गेल्या साली ताई गेल्या. घरोघर फिरून, बापांशी भांडून पोरींना वाचनालयात आणलं ते त्यांनीच. अन् वाचनालयाची पाटी अजून कोरीच होती. मी ठराव मांडला, ताईंचं नाव देऊ.

"लोक काय म्हनतीन? अध्यक्षानं बायकोचं नाव लावून घेतलं!" गुरुजी म्हणाले. पण येता-जाता ते त्या कोऱ्या पाटीकडे कसे बघायचे, ते आम्ही रोज पाहत होतो. फार वाईट वाटायचं.

"विषय माह्या घरचा आहे," म्हणून ते बाकावर जाऊन बसले.

आत रामभाऊ उठले. "माह्या पोरीले त्याहीनंच वाचाले शिकवलं. माहाबी संबंध आहे." गेले.

मागोमाग दिनकरही उठून गेला. मग मीही पेन खिशाला लावला अन् निघालो.

आत उरले समितीचे नवे सभासद, पुण्याहून नुकतेच बदलून आलेले बँकेचे मॅनेजर. त्यांनी ताईंना पाहिलंही नव्हतं. ते दारात आले. "अहो, सगळेच बाहेर? मग ठराव करायचा कोणी?"

मग दारातूनच त्यांनी हात वर केला.

"एकट्याचं चालत असेल, तर माझ्याकडून मंजूर."

गुरुजींनी बाकावर दाटीवाटीनं बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. मग समोरच्या घराकडे पाहिलं.

"आता इतक्या लोकायले चहा कोन देईन?"